धुरकऱ्याची कंठी

माघ लागला की आमच्या भागातल्या माणसांना पटाचं वेड लागतं आणि माझं डोकं फिरतं. धान चुरून झालेलं असतं. बांध्या मोकळ्या पडलेल्या असतात, त्यांत लाखोळीचा हिरवा पातळ थर, आणि घराघरापुढे तणसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग. उन्हाला अजून धार नसते. अशा वेळी कुठल्यातरी गावाबाहेर लांब सरळ वाट नांगरून, दगड वेचून साफ करतात, आणि हलके छकडे जुंपून बैलजोड्या पळवतात. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती. धूळ अशी उठते की कोसभर लांबून कळावं, आज पट आहे. लोक म्हणतात, वर्षभराचा शीण जातो. जात असेल बापा. माझा येतो.

यंदा सौंदडला पुन्हा पट भरला. काल संध्याकाळी एक धुरकरी दवाखान्यात आला. धुरकरी म्हणजे छकडा हाकणारा. दंड सोलवटून निघाला होता आणि दंडावर बांधलेला काळा दोरा रक्तात भिजून मांसाला चिकटला होता. मी कात्री बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे? कोणी बांधून दिलं?"

तो हसायला लागला. "काई नाई बाई, बजारात भेटते. कापा."

"कापू का नक्की?"

"कापा ना जी! कायले इचारून राहिल्या?"

तरी मी कापला नाही. कोमट पाण्यानं भिजवला, गाठ सोडवली, धुऊन त्याच्या हातात दिला. नवा कंपाउंडर कोपऱ्यात तोंड फिरवून हसत होता, नर्सबाई म्हाताऱ्या झाल्या म्हणून. हसू दे. त्याला दुकालू माहीत नाही.

ते वर्ष लढाई सुरू व्हायच्या आधीचं. मी मूळची भंडाऱ्याची, या सडकेवरच्या दवाखान्यात येऊन फार काळ झाला नव्हता. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मग नागपूरला नर्सिंग शिकले आणि इथं आले. सडकेच्या एका अंगाला सौंदड, दुसऱ्या अंगाला देवरीचं जंगल, आणि मध्ये आमचा कौलारू दवाखाना. दारात एक भलामोठा कडुलिंब. त्याच्या सावलीत पेशंटांचे नातेवाईक, त्यांची गाडगी, चुली, आणि सोडलेले बैल. ते झाड अजून आहे. मी त्याच्याकडे फारसं बघत नाही.

पहिलवानाला लोक मान देतात. त्याच्या मांडीचं, छातीचं कौतुक करतात, त्याला दूध-बदाम पोचवतात. धुरकऱ्याचं तसं नाही. बक्षीस बैलांचं, नाव बैलवाल्याचं. पण त्या अंगाकडे कोणी नीट बघितलंय का? उधळलेल्या जोडीमागं, टीचभर लाकडावर तोल सावरायचा, गुडघे मऊ ठेवायचे, पोट आत खेचलेलं, आणि हातात कासरा. अंगावर चरबी म्हणून नाही. पटाच्या दिवसांत ही सगळी अंगं माझ्या टेबलावर यायची आणि प्रत्येक अंग आपलं आपलं काहीतरी घेऊन यायचं. गोंड धुरकरी यायचा, त्यानं घावावर कसल्या मुळीचा लेप लावलेला असायचा, आणि धुऊ का म्हटलं की तो आधी बाहेर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघायचा. मुसलमान धुरकऱ्याच्या दंडावर ताईत. पोवाराच्या घरचा असेल तर त्याच्या आईनं हळद-तेल चोळून पिवळा करूनच पाठवलेला. कोणी कोंबडी खाणार नाही, कोणी उजव्या हाताला सुई टोचू देणार नाही. आम्ही वैतागायचो. आमच्या लेखी ते सगळं मळ होतं, जखमेवरचा. आधी मळ काढायचा, मग औषध.

आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. माणूस सोन्यासारखा, हे मी कोणापुढेही सांगेन. खादी घालायचे, स्वतः पेशंटचं भांडं उचलायचे. दवाखान्यात पाण्याचा एकच माठ होता आणि त्यातूनच सगळ्यांनी प्यायचं, हा त्यांचा हट्ट. त्यापायी गावातल्या बड्या लोकांशी त्यांचं वाकडं आलं होतं. "बाई, या दाराच्या आत जात नाही, देव नाही, फक्त शरीर," असं ते म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं. विधवेला बाहेर किती गोष्टी चिकटलेल्या असतात! त्या दाराच्या आत मीही नुसती दोन हातांची बाई होते.

दुकालू होता छत्तीसगडचा. दुष्काळात जन्मला म्हणून आईबापांनी दुकालू नाव ठेवलेलं. घरचा धंदा विणकामाचा, पण गिरणीच्या कापडापुढे माग बसला आणि हा पोट घेऊन इकडे आला. देवरीच्या पलीकडे एका खेड्यात त्याची बायको सुकवारो राहायची, आणि हा सौंदडजवळ सोमाजी पटल्यांकडे बैलांची चाकरी करायचा. सोमाजी पोवार, घरची धानाची शेती, माणूस फटकळ पण जिवाचा. त्यांची जोडी मोऱ्या आणि पाखऱ्या. पटाच्या वाटेवर बाकीचे धुरकरी तुतारी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, टोचायचे, शेपट्या पिरगाळायचे. दुकालूच्या हातात साधी काडी नसायची. त्यानं गुरू केला होता, गळ्यात तुळशीच्या मण्यांची कंठी होती, आणि त्या कंठीबरोबर मांस सुटलं, दारू सुटली, जनावराला मारणंही सुटलं. तो नुसता आपल्या बोलीत माझ्या राजा म्हणून ओरडायचा, "चल मोर राजा, चल मोर राजा!" आणि ती दोन जनावरं वारा प्याल्यागत सुटायची. मी स्वतः एकदा बांधावर उभी राहून बघितलं आहे. एवढाल्या गर्दीत त्याचा तो चिरका, उंच आवाज वेगळा ऐकू यायचा.

त्या माघात त्याच वाटेवर छकड्याचा कणा मोडला. दुकालू पुढे फेकला गेला आणि मागून येणारं चाक त्याच्या खांद्यावरून, मानेच्या कडेनं गेलं. सोमाजींनी दुसऱ्याचा छकडा मागून घेतला, आपलीच जोडी जुंपली आणि त्याला आमच्या दारात आणला.

हंसळीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं. मांडीत मातीशेणानं भरलेली खोल जखम. गळा एका बाजूनं काळानिळा पडून सुजत चालला होता, आवाज पार बसलेला. डॉक्टरसाहेबांनी भूल दिली. मी डोकं धरलं होतं. कंठीचा दोरा सुजलेल्या गळ्यात रुतत होता. त्यांनी कात्री घातली, दोरा तुटला, मणी ताटलीत पडले. नंतर ते रक्ताच्या बोळ्यांबरोबर मागच्या खड्ड्यात गेले आणि जळले. आता लोक मला विचारतात, तीच चूक ना? नाही. दोरा काढायलाच हवा होता, नाहीतर श्वास अडला असता. मी आजही तेच म्हणेन.

तो शुद्धीवर आला तेव्हा मी चमच्यानं पाणी लावलं. त्यानं दात आवळले. मोकळा हात उचलून गळ्याला लावला. मला वाटलं, दुखतंय. डॉक्टरसाहेबही म्हणाले, दुखत असेल, थोड्या वेळानं बघा. थोड्या वेळानंही तेच. चमचा जवळ आला की दात घट्ट, आणि हात गळ्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रँडीचे थेंब, मग कोंबडीचा रस्सा. रश्श्याचा वास आल्यावर त्यानं मान फिरवायचा प्रयत्न केला आणि मोडलेल्या हाडामुळे कळवळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं.

बाहेर सोमाजी कडुलिंबाखाली बसून होते. बैल मात्र मजेत तणस चघळत होते, त्यांना काय! मी दारात दिसले की सोमाजी उठायचे.

"पानी पेला का जी थो?"

"नाही."

"काऊन नाई पेत? माह्या घरी बी थो आपलं आपणच रांधते बाई, दुसऱ्याच्या हातचं खात नाई. मले पाहू तं द्या एकडाव."

मी हे आत येऊन सांगितलं. डॉक्टरसाहेबांच्या कपाळावर आठी आली. "म्हणजे इथंही जात?" ते म्हणाले. मग स्वतःच पेला घेऊन खाटेजवळ बसले, त्याच्या कानाशी वाकले. त्यांना ते करताना लाज वाटत होती, मला दिसत होतं. "अरे, मी ब्राह्मण आहे. माझ्या हातचं तर चालेल? घे, एक घोट घे."

दुकालूनं त्यांच्याकडे बघितलं. हात गळ्याकडे नेला. तोंड उघडलं नाही.

डॉक्टरसाहेब उठले ते वेगळाच चेहरा घेऊन. ब्राह्मणाच्या हातचंही घेत नाही, म्हणजे प्रश्न जातीचा नाही. मग उरलं काय? शरीर. शेणमातीची जखम, आवळलेला जबडा, गळ्याकडे जाणारा हात, गिळता न येणं. त्यांनी माझ्याकडे बघून हळू आवाजात सांगितलं, "बाई, धनुर्वात."

इतकं चोख जुळलं होतं सगळं! कोणाही शहाण्या डॉक्टरला असंच वाटलं असतं. धनुर्वाताच्या माणसाला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही, जराशा धक्क्यानं झटके येतात. म्हणून त्याला मागच्या खोलीत हलवलं. खिडकीला घोंगडी टांगली. दाराशी माणूस बसवला, कोणालाही आत सोडायचं नाही. लस आणायला नागपूरला तार गेली. सोमाजी दारापर्यंत आले तर डॉक्टरसाहेबांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. "तुमच्या प्रेमानं तो मरेल हो, पटेल. लांबच बसा." सोमाजी गुपचूप जाऊन झाडाखाली बसले. त्यांना धनुर्वात माहीत होता. त्यांच्या धाकट्या भावाला त्यानंच नेलं होतं.

त्या खोलीतला अंधार मला अजून आठवतो. मोहाचं तेल आणि डेटॉलसारख्या औषधाचा उग्र वास. मांडीत सुई खुपसून आम्ही मीठपाणी देत होतो. त्याला तो कधी नाही म्हणाला नाही. उलट सुई टोचताना स्वतः पाय सैल सोडायचा. "बघा, याला जगायचंय," डॉक्टरसाहेब म्हणाले. खरंच होतं ते. त्याला जगायचं होतं. ते पाणी तोंडातून जात नव्हतं एवढंच. पण असं जातं किती अंगात? ओठ फुटले, डोळे आत गेले. झटके मात्र येईनात. डॉक्टरसाहेब वाट बघत होते झटक्यांची, आणि ते येत नाहीत म्हणून त्यांना आशा वाटायची.

मी उशाशी बसून त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. कंठीच्या जागी कातडीवर एक फिकट रेघ होती, बाकीचा गळा उन्हानं रापलेला. माझ्याही गळ्यावर एके काळी अशीच रेघ होती. घरातल्या बायकांनी मंगळसूत्र ओढून तोडलं तेव्हा मी तापात होते, मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी ज्या हातांनी तोडलं तेच हात मला संध्याकाळी भात भरवत होते. मायेनंच. मला घास गिळवला नव्हता. आणि त्याही वेळी घरात कोणीतरी म्हणालं होतं, ताप डोक्यात गेला वाटतं.

चौथ्या दिवशी, सोमाजींचा निरोप मिळाल्यावर, सुकवारो आली. कशी आली, किती चालली, देव जाणे. पाय धुळीनं पांढरे, कडेवरचं गाठोडं तसंच. दारावरच्या माणसानं अडवलं, डॉक्टरसाहेब आडवे आले, पण ती थांबलीच नाही. सरळ आत गेली आणि खिडकीवरची घोंगडी ओढून खाली पाडली. उजेड एकदम त्याच्या तोंडावर पडला. डॉक्टरसाहेब "अहो!" म्हणून ओरडले. झटका आला नाही. दुकालूनं फक्त डोळे किलकिले केले आणि हात गळ्याला नेला.

तिनं त्याचा गळा चाचपला. मग आमच्याकडे वळली.

"एकर कंठी कहाँ हे?"

मीच म्हटलं, काढावी लागली, सूज होती.

"कंठी बिगर ए पानी नइ पियय, साहेब."

तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं कोणी सांगावं की हा डावरा आहे. गुरूची कंठी तुटली तर नवी बांधेपर्यंत अन्नपाणी नाही. त्यांच्यात असंच. डॉक्टरसाहेबांनी भिंतीला हात टेकला. मग घाईघाईनं म्हणाले, बाजारातून माळ आणतो, आत्ता. ती मान हलवत राहिली. गुरूच्या माणसानंच बांधायला हवी, आणि तो महंत देवरीकडे राहतो. "मग तू सांग त्याला," ते काकुळतीला आले, "आधी पाणी पी म्हणावं. नंतर काय ते बांधा." ती वाकून त्याच्या कानात काही बोलली. त्यानं डोळे मिटले.

मला त्या क्षणी दुकालूचाही राग आला. खोटं कशाला बोलू! पी की रे बाबा घोटभर, तुझा देव काय तुला फाशी देणार आहे? असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मग तिच्याकडे बघितलं. ती रडत होती आणि तरी त्याला आग्रह करत नव्हती. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं काय? बैल दुसऱ्याचे, बक्षीस दुसऱ्याचं, माग मोडलेला. जन्मभरात त्यानं आपण होऊन एकच शब्द दिला होता.

मी बाहेर येऊन सोमाजींना सांगितलं. ते ऐकता ऐकताच उठले. "बाई, त्याची कंठी तुटली? त्याची कंठी?" दोनदा विचारलं. मग त्यांच्या तोंडून जे शब्द आले ते इथं लिहिण्याजोगे नाहीत. "मले माहीत होतं ना जी! पोरगं अंघोळीत कंठी भिजली तं आधी थे पुसते, मंग आंग. मले एक शब्द तं बोलाचा होता!"

त्यांनी मोऱ्या-पाखऱ्याला जुंपलं. जोडी दुकालूच्या आवाजावर पळणारी, दुसऱ्याला दाद देत नसे. सोमाजींनी तुतारी उचलली, मग काय वाटलं कोण जाणे, ती झाडाखाली फेकून दिली. छकडा सडकेला लागला आणि त्यांचा घोगरा आवाज आला, "चल मोर राजा! चल मोर राजा!" त्या माणसानं आयुष्यात छत्तीसगडी बोलली नव्हती. बैलांनी कान टवकारले आणि सुटले. त्या माघातला सगळ्यात मोठा पट तोच होता, आणि तो बघायला सडकेवर कोणी नव्हतं.

महंत म्हातारे होते. छकड्यातून उतरले तेव्हा धुळीनं त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. बैलांच्या तोंडाला फेस. त्यांनी हात धुतले, काही पुटपुटले आणि सैलशी कंठी दुकालूच्या गळ्यात बांधली, सुजेला लागणार नाही अशी. मग त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं. मी आमच्याच माठातलं दिलं. कोणाचा माठ, कोण भरतं, काही विचारलं नाही त्यांनी. सुकवारोनं वाटी ओठाला लावली.

दुकालूनं तोंड उघडलं.

सावकाश, पूर्ण, लहान मुलासारखं. जो जबडा धनुर्वातानं जखडला आहे म्हणून आम्ही खोली काळी केली होती, तो जबडा उघडला. मी डॉक्टरसाहेबांकडे बघितलं. त्यांचं तोंड मात्र मिटलेलं होतं.

तो पाणी प्यायला. थोडं ओघळलं, थोडं गेलं. मग आणखी मागितलं, खुणेनं. आम्हाला वाटलं, वाचला. मीही मूर्खासारखी पेज शिजवायला टाकली. पण फार सुकलं होतं ते शरीर. आधी लघवी बंद झालेली होतीच. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या सुमारास तो गेला. तोंडात पाणी आणि गळ्यात कंठी. नागपूरची लस त्याच दिवशी दुपारी आली.

नेताना डॉक्टरसाहेब सुकवारोपुढे उभे राहिले. हात जोडले. तिनं त्यांच्याकडे बघितलं. ती चिडली असती, शिव्याशाप दिले असते तर त्यांना सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "एक बेर पूछ लेतेव, साहेब."

मग छकडा गेला. मोऱ्या-पाखऱ्या चालतच गेले, त्यांना आता कोणी हाक मारत नव्हतं. सोमाजींनी त्यानंतर कधी पटात जोडी उतरवली नाही. यंदाही पट बघायला ते आले नव्हते.

डॉक्टरसाहेब बराच वेळ पायरीवर बसून होते. मी आतली घोंगडी घडी करून आणली तसे म्हणाले, "बाई, कसं विचारणार होतो मी? त्याचा आवाज गेला होता. तोंड मिटलेल्या माणसाला विचारायचं तरी कसं?"

त्यांना बरं वाटावं असं काहीतरी बोलायला हवं होतं. ते चांगले होते, थकले होते, रात्रंदिवस त्याच्यासाठी झिजले होते. पण मला ते जमलं नाही. मी कडुलिंबाकडे बोट केलं. तिथं तणस सांडली होती आणि सोमाजींनी फेकलेली तुतारी तशीच पडली होती.

"सोमाजी तिथंच बसले होते, साहेब," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."